लाकूड उकळलंयस का यात?

डिसेंबरातल्या एका सकाळी आतेभाऊ घरी आला. पुण्यात हुडहुडी भरवणारी थंडी होती. मी त्याच्यापुढे एक इवलासा पेला ठेवला, दोन घोटांत संपेल एवढा. आतला चहा मधोमध काळा आणि कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. त्याने घोट घेतला, भुवया चढवल्या आणि विचारलं, "लाकूड उकळलंयस का यात?"

त्याचं नाक अगदी बरोबर होतं. चीनमधले जाणकारही या चवीबद्दल बोलताना जुनं लाकूड, कापूर, सुकी बोरं, सुपारी असेच शब्द वापरतात. चुकली होती ती त्याची अपेक्षा. तो आल्याच्या उकळीची वाट बघत होता. त्या दिवशी तो सातव्या पेल्यापर्यंत थांबला आणि त्याचं मत पालटलं. बहुतेक लोक पहिल्याच पेल्याला उठतात. तुम्ही उठू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी नावाचा गोंधळ निस्तरू. बिनदुधाच्या चहाला आपण कोरा किंवा काळा चहा म्हणतो. आसाम-दार्जिलिंगची ती पत्ती चिनी माणसाच्या लेखी 'होंगछा', म्हणजे लाल चहा. तो पत्तीचा रंग बघत नाही, पाण्याचा बघतो. त्यांचा 'हेइछा', शब्दशः काळा चहा, ही जातच वेगळी. आपल्या पत्तीत जो बदल होतो तो पानातल्या रसाला हवा लागून, काही तासांत. हेइछात सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ते काम आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. यासाठी मराठीत शब्द तयारच आहे: मुरणं. लोणचं मुरतं तसा हा चहा मुरतो. भातासाठी जुना तांदूळ मागणाऱ्या आणि सारासाठी काळी पडलेली जुनी चिंच राखून ठेवणाऱ्या घराला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. मात्र चिंच जुनी असली तरी बुरसलेलीही निघू शकते, हेही त्याच घराला ठाऊक असतं.

मुरलेल्या चहांत सर्वांत नावाजलेला युन्नान प्रांतातला पुएर. त्याचे दोन प्रकार. 'शंग' म्हणजे कच्चा: उन्हात वाळवलेली पानं वाफवून, दाबून चकती करायची आणि काळाच्या हवाली करायची. सुरुवातीची काही वर्षं हा चांगलाच कडू-तुरट असतो, निवळायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. 'शू' म्हणजे पिकवलेला. एवढं थांबायला कुणाला सवड नाही, म्हणून 1973च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात 'वोदुई' ही पद्धत बसवली गेली. पानांचा ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, कापडाने झाकायचं आणि अधूनमधून उलथत राहायचं. ढिगाच्या पोटात 50-60 अंशांपर्यंत ऊब धरते आणि दीड-दोन महिन्यांत पानं काळपट तपकिरी होतात. कोकणात पेंढ्यात लावलेल्या आंब्याच्या अढीत ज्याने हात घातला असेल, त्याला ती आतली ऊब लगेच आठवेल.

नवख्याने थंडीत शूपासूनच सुरुवात करावी. शंगच्या मागे आधी लागू नका. चांगला जुना शंग महाग आणि नवा शंग रिकाम्या पोटाला झोंबणारा.

माझा स्वतःचा लाडका मात्र लिउबाओ. तो ग्वांगशीतल्या वूझोउ भागातला, बांबूच्या टोपल्यांत दाबून भरलेला. मलायातल्या कथलाच्या खाणींत राबायला गेलेल्या चिनी मजुरांबरोबर तो समुद्रापार पोचला, तिथल्या दमट उष्ण हवेत मुरला, आणि आजही मलेशियात साठवलेला जुना लिउबाओ लोक शोधत फिरतात. चांगल्या लिउबाओची खूण म्हणून 'बिंगलांग'चा वास सांगितला जातो. बिंगलांग म्हणजे सुपारी. अडकित्त्यात भाजकी सुपारी फुटते त्या क्षणी जो कोरडा, किंचित गोडसर वास येतो, तो. चहाच्या चिनी शब्दकोशातला हा एक शब्द आपल्याला आजीच्या पानाच्या डब्यातच मिळालेला आहे.

हुनानमधल्या आनह्वाची फू वीट वेगळ्या कारणासाठी सांगतो. ती फोडली की आत राजगिऱ्यासारखे पिवळे कण दिसतात. ती बुरशी आहे, आणि मुद्दाम वाढवलेली आहे. शास्त्रीय नाव आस्परजिलस क्रिस्टाटस. चिनी लोक तिला सोनेरी फुलं म्हणतात आणि ती जितकी दाट तितका माल चांगला समजतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी भेट आलेली अशी वीट 'बुरशी लागली' म्हणून केराच्या डब्यात टाकली होती. उलट, चकतीवर हिरवा, काळा किंवा कापसासारखा पांढरा थर दिसला तर हळहळू नका, टाका. धुऊन, उन्हात ठेवून तो चहा परत येत नाही.

सिचुआनमधल्या या-आनच्या विटा खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवरून तिबेटात जात. लेहला गेलेल्या मंडळींनी लोणी-मिठाचा जो गुरगुर चहा नाक मुरडत प्यायला असेल, तोही परंपरेने अशाच विटेच्या पत्तीचा. तेव्हा या चहात दूध-मीठ घालणं म्हणजे काही पाप नव्हे, अर्ध्या आशियाने तेच केलं आहे. फक्त चव ओळखायची असेल तेव्हा घालू नका, इतकंच.

आता खरेदी. इथे फसायला फार सोपं आहे, आणि मी फसलो आहे. पहिल्यांदा घेतलेल्या चकतीच्या कागदावर 7572 असा आकडा होता. विकणाऱ्याने त्यातल्या 75 वर बोट ठेवलं आणि 'पंच्याहत्तर सालचा' म्हणाला. मी खुळ्यासारखे दामदुप्पट मोजले. त्या आकड्याचा खरा अर्थ असा: पहिले दोन अंक म्हणजे ते मिश्रण ज्या साली ठरलं ते साल, तिसरा पानाची प्रत, आणि चौथा कारखाना, 2 म्हणजे मंगहाय. चहा कधी बनला हे त्यात कुठेच नाही. 7572 आजही बनतो. माझा बहुधा माझ्या शाळकरी पुतण्यापेक्षाही लहान होता.

म्हणून वयाच्या मागे लागू नका. पुएरची ठरीव चकती 357 ग्रॅमची, अशा सातांचा एक गठ्ठा बांधतात. चकती घेण्याआधी 25-50 ग्रॅमचा नमुना मागा. पाच ते दहा वर्षांचा शू पहिल्या हिवाळ्याला भरपूर झाला. विकणाऱ्याला सालापेक्षा एक प्रश्न आधी विचारा: हा कुठे साठवला होता? कुनमिंगच्या कोरड्या हवेतला चहा सावकाश मुरतो, वास वर राहतो. हाँगकाँग-ग्वांगदोंगच्या दमट गोदामातला लवकर काळवंडतो, गोल होतो, पण हात जरा जास्त झाला की तळघरासारखा लागतो. या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने सांगितलेल्या वर्षाला काय अर्थ?

माल घरी आला की लगेच आधण ठेवू नका. थंड, कोरड्या हवेत चकतीचा चहा मुका होतो; वास आत मिटून बसतो. चिनी लोक चहाला 'जागं करणं' म्हणतात, ते असं: चकतीतून पंधरवडा पुरेल एवढा तुकडा सोडवायचा, मोकळा करायचा, आणि घराच्या उबदार भागात खापराच्या किंवा चिनी मातीच्या स्वच्छ बरणीत सैल झाकण लावून दहा-पंधरा दिवस ठेवायचा. बरणी लोणच्याची नको. तिला कितीही घासलं तरी मोहरी-हिंग जात नाही, आणि चहा ते सगळं पिऊन घेतो.

चकती सोडवण्यासाठी खास सुया विकत मिळतात. घरातलं दाभण तेच काम करतं. सुरी वापरू नका, ती पानं कापते आणि चुरा करते. चुऱ्याचा चहा कडू आणि गढूळ उतरतो. दाभण चकतीच्या कडेतून आडवं घालायचं, हलकेच उचलायचं, की पापुद्रा सुटतो. दुसरा हात दाभणाच्या वाटेत ठेवायचा नाही. हा सल्ला अनुभवाचा आहे.

थंडीत चहा बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे गार भांडं. उकळतं पाणी 12-15 अंशांच्या जाड मातीच्या भांड्यात पडलं की तिथेच निवतं, आणि दाबलेल्या जुन्या पानाला तर चढं आधण लागतं. त्यामुळे किटली, पेले, गाळणी सगळं आधी उकळत्या पाण्याने धुऊन हाताला चटका बसेल इतकं गरम करा. झाकण विसरू नका, सगळे झाकणच विसरतात. महाबळेश्वरला जाताना बरोबर चहा नेलात तर लक्षात असू द्या, तिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद जास्त द्या.

गायवान, म्हणजे झाकणाची बिनकानाची वाटी, मिळाली तर उत्तम. नसेल तर कप घ्या आणि बशी झाकण म्हणून वापरा. 100 ते 120 मिलीलीटरला 6 ग्रॅम पत्ती. वजनकाटा नसेल तर दीड चमचा म्हणेन, पण दाबलेल्या तुकड्याला चमचा फसवतो. गरम झालेल्या भांड्यात कोरडी पत्ती टाका, झाकण लावा, दोनदा हलकेच हलवा, आणि झाकण उघडून नाक आत घाला. पाणी घालण्याआधीचा हा वास चहाची निम्मी कुंडली सांगतो. जुनं सागवानी कपाट उघडल्यासारखं वाटलं तर ठीक. ओलं गोणपाट, पोपडे धरलेली भिंत, मासळीची टोपली यांपैकी काही आठवलं तर कान टवकारा. नव्या शूला ढिगाचा दर्प असतो, तो वर्ष-दोन वर्षांत निवळतो. गोणपाटाचा कुबटपणा सहसा जात नाही.

मग उकळतं पाणी घालून पाच-दहा सेकंदांत ओतून टाका. हे धुणं. फार जुना किंवा घट्ट दाबलेला असेल तर दोनदा. झाकण लावून मिनिटभर पान फुगू द्या. आता पिण्याचा पहिला हात: दहा सेकंद, आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्या, कारण भांड्यात राहिलेलं पाणी पुढचा हात कडू करतं. दुसरा दहा, तिसरा पंधरा, मग वीस, तीस, आणि पुढे जिभेला विचारून. आठ-दहा हात सहज निघतात. मराठी सवयीला हे भातुकलीसारखं वाटतं. एका मोठ्या मगात एकदाच करून का नको? नको अशासाठी की हा चहा एका चवीचा नाहीच. पहिल्या दोन हातांना कोठाराचा वास लागतो, तिसऱ्या-चौथ्याला चहा दाट होतो, सहाव्यानंतर पातळ होत जाताना गोडवा उघडा पडतो. मगात हे सगळं एकमेकांवर सांडतं आणि आतेभावाचं लाकूड तेवढं उरतं.

पिताना फुरका मारा. खरंच. चहा पारखणारे व्यावसायिक मोठ्याने फुरका ओढतात, कारण चहाबरोबर हवा आत गेली की वास घशामागून नाकात चढतो. बशीत ओतून फुर्रकन चहा पिणाऱ्या आपल्या आजोबांना शिष्टाचार शिकवणाऱ्यांनी त्यांचं एक चांगलं तंत्र हिरावून घेतलं. थंडीत बशीचा दुसरा फायदा म्हणजे चहा पटकन निवतो. 65 अंशांपेक्षा गरम पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने घातक असू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली म्हटलं. गारठ्यात कढत घोट घ्यायचा मोह होतो, म्हणून सांगितलं. आधण कढत हवं ते पानाला.

घोट तोंडात आला की लगेच गिळू नका. आधी जाडी बघा: पाण्यासारखा सरकतो, की पेजेच्या निवळीसारखा जिभेवर बसतो? चांगला शू बसतो. मग कडसरपणा. तो आला तर आला. आल्यावर विरघळतो की जिभेला चिकटून राहतो, हे महत्त्वाचं. गिळल्यावर दहापर्यंत मोजा. चिनी लोक 'ह्वेइगान' म्हणतात, परतून येणारा गोडवा. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की घशात जे होतं तेच ते, यापेक्षा चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. शूमध्ये तो हलका असतो, जुन्या शंगमध्ये ठळक.

आणि रिकामा पेला हुंगा. पेला निवत असताना तळाशी गुळाच्या काकवीसारखा वास धरतो. आतेभावाने सातव्या पेल्यानंतर उगाच चाळा म्हणून पेला नाकाला लावला आणि म्हणाला, "सुपारी! आपल्या श्रीवर्धनच्या घरात पडवीत वाळत घालायचे, तसली." लिउबाओच होता तो. मी त्याला बिंगलांगबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

एक पेला मुद्दाम पूर्ण गार होऊ द्या. उष्णता दोष झाकते. गार झाल्यावर आंबट, मासळी किंवा पोटाशी ढवळून आणणारं काही वर आलं, तर गरम असताना तुम्ही त्याला दिलेले गुण परत घ्या. शेवटी भिजलेलं पान बोटांत धरून उलगडा. मऊसर ताणलं जाणारं पान म्हणजे त्याच्यात अजून जीव आहे. कोळशासारखं कडक, चुरगळणारं असेल तर ढिगात किंवा गोदामात ते जळलं आहे.

बरोबर काय खावं? खारे शेंगदाणे उत्तम. तिळाची वडी चालते, पण गूळपोळी-तुपानंतर चव बघायला बसू नका, जीभ गोडाने बधिर असते. ठेचा खाल्ला असेल तर विषयच संपला. मात्र चव पारखायची नसेल, नुसतं सुख हवं असेल, तर भोगीच्या दिवशी लोणी घातलेली बाजरीची भाकरी नि लेकुरवाळी भाजी जेवून हा चहा घ्या. ग्वांगदोंग-हाँगकाँगकडे तेलकट-वाफाळत्या खाण्याबरोबर पुएर पितात, कधी त्यात शेवंतीची वाळलेली फुलंही घालतात, त्यामागचं शहाणपण तेव्हा पोटाला कळतं. वजन उतरवणारा चहा म्हणून कुणी विकत असेल तर मात्र पुढे चला. यात कॅफीन असतंच. रात्री उशिरा नको, उपाशीपोटी नको, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मधे दोनेक तास जाऊ द्या.

दहाव्या हातानंतर पत्ती टाकू नका. पातेल्यात अर्धा लीटर पाण्याबरोबर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. फुळकवणी होईल असं वाटतं, पण निघतो तो गोडसर, मवाळ चहा. माझ्या आईला फक्त हाच आवडतो. 2022च्या हिवाळ्यात चिनी शहरांत शेगडीभोवती बसून चहा उकळण्याची लाटच आली होती. जाळीवर संत्री, रताळी, शेंगा भाजत ठेवायच्या आणि मधोमध चहाचं भांडं. रताळी आणि शेंगा आपल्याकडे मुबलक आहेत, तेव्हा जरूर करा, पण गच्चीत किंवा अंगणात. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली की तिच्यातून निघणाऱ्या बिनवासाच्या वायूने माणूस नकळत बेशुद्ध होऊ शकतो.

राहिली साठवण, आणि महाराष्ट्रात खरी परीक्षा तिचीच. चहाला साधारण 60-70 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती 80-90च्या घरात जाते आणि चकतीवर बुरशी धरते. देशावर उन्हाळ्याच्या दुपारी हवा एवढी कोरडी पडते की मुरणंच थांबतं. त्यामुळे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घट्ट झाकणाचा डबा, आणि बाकीचे महिने खापराची बरणी किंवा साधा पुठ्ठ्याचा खोका, असा बदल करावा लागतो. फ्रीज नाही. मसाल्याच्या मांडणीशेजारी नाही. देवघराच्या कपाटात नाही, उदबत्ती मुरते. मी एकदा गोधड्यांच्या कपाटात ठेवला. तिथे डांबराच्या गोळ्या होत्या. पाहुण्यांना तो 'कापराच्या वासाचा दुर्मीळ चहा' म्हणून दिला, आणि दोघांनी वाहवाही केली.

होळी झाली की मी चकती परत तिच्या कागदात गुंडाळतो आणि कागदावर पेन्सिलीने तारीख नि वजन लिहितो. पेनाच्या शाईचा वास लागतो, म्हणून पेन्सिल. यंदा 357 पैकी 212 ग्रॅम उरला.